पर्सन

इंग्रजी भाषेतील एक बहुप्रचलित नाम. सामान्य व्यवहारात त्याचा अर्थ ‘माणूस’ किंवा ‘व्यक्ती’ असा होतो. तथापि व्याकरण, ख्रिस्ती धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान व विधी या क्षेत्रांत त्याला स्वतंत्र पारिभाषिक अर्थ प्राप्त झाले असून ते सर्वच ‘मनुष्यप्राणी’ या अर्थाशी जुळणारे नाहीत. कायद्याच्या दृष्टीने व्यापारी कंपनी ही पर्सन ठरते. उलटपक्षी काही अधिनियमांतील पर्सन या शब्दात स्त्रीचा समावेश होत नाही, असे निर्णय विसाव्या शतकातही न्यायालयांनी दिलेले आहेत. माणूस असणे आणि पर्सन म्हणून मान्यता मिळणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. या भेदामुळेच वरवर साध्या दिसणाऱ्या या शब्दाच्या अर्थावरून मताधिकार, व्यवसाय, मालमत्ता व प्रसंगी जीवित यांसंबंधीचे प्रश्न निर्णीत झाले आहेत.

व्युत्पत्ती : इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकात प्राचीन फ्रेंच भाषेतून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘पेर्सोना’ हे असून त्याचा पहिला अर्थ नटाने धारण करावयाचा मुखवटा असा होता. पुढे नाटकातील भूमिका, नंतर समाजातील भूमिका किंवा दर्जा आणि अखेरीस तो दर्जा धारण करणारा माणूस, असा अर्थविस्तार होत गेला. ‘ज्यातून आवाज घुमतो ते’ अशी या शब्दाची फोड प्राचीन काळी केली जात असे व दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलियस याने ती नमूद केली आहे. परंतु ‘पेर्सोना’ यातील ओकार दीर्घ, तर ‘आवाज करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूतील ओकार ऱ्हस्व असल्याने ही व्युत्पत्ती आज ग्राह्य मानीत नाहीत. इटलीतील तार्क्विनिया येथे इ. स. पू. सहाव्या शतकातील एका एट्रुस्कन थडग्याच्या भिंतीवर मुखवटा घातलेली आकृती असून तिच्याजवळ ‘फेर्सु’ हा शब्द रंगाने लिहिलेला आहे. लॅटिन शब्द त्यावरून आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

‘पार्सन’ म्हणजे चर्चच्या एका विभागाचा धर्मोपदेशक. हा इंग्रजी शब्दही याच मुळापासून निघालेला आहे. तो आपल्या चर्चचे कायद्यापुढे प्रतिनिधित्व करतो, म्हणजे जणू चर्चचा मुखवटा धारण करतो, असे त्याचे स्पष्टीकरण विधिवेत्ता विल्यम ब्लॅकस्टन (१७२३–८०) याने दिले आहे. ‘पर्सनल’ (वैयक्तिक), ‘पर्सनॅलिटी’ (व्यक्तिमत्त्व), ‘पर्सोनेल’ (कर्मचारीवर्ग) व ‘इम्पर्सोनेट’ (तोतयेगिरी करणे) हे शब्दही याच कुळातील होत. त्यांपैकी शेवटच्या शब्दात मुखवट्याचा मूळ अर्थ आजही स्पष्ट दिसतो.

धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान : ईश्वर एक असूनही पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा त्रिविध आहे, हा ख्रिस्ती सिद्धांत मांडताना टर्टुलियन (सु. १६०–सु. २२५) याने एक द्रव्य व तीन ‘पेर्सोना’ अशी परिभाषा योजिली. अशा रीतीने मुखवट्याचे नाव ईश्वराच्या अंतरंगाचे नाव बनले. बोईथियस (सु. ४८०–५२४) याने विवेकशील स्वरूपाचे अविभाज्य द्रव्य म्हणजे पर्सन, अशी व्याख्या केली व ती मध्ययुगात प्रमाण मानली गेली. या व्याख्येत मानवी देहाचा उल्लेख नाही, विवेकाचा मात्र आहे, ही गोष्ट महत्त्वाची होय.

टॉमस हॉब्ज (१५८८–१६७९) याने लेव्हायथन (१६५१) या ग्रंथात स्वतःच्या वतीने बोलणारी नैसर्गिक पर्सन व दुसऱ्याच्या वतीने बोलणारी कृत्रिम पर्सन असा भेद केला आणि राज्यसंस्थेची उपपत्ती त्यावर उभारली. जॉन लॉक (१६३२–१७०४) याने आपल्या मानवी आकलनासंबंधीच्या निबंधाच्या १६९४ मधील दुसऱ्या आवृत्तीत या विषयावर स्वतंत्र प्रकरण घातले. मनुष्य हा देहाने ओळखला जातो, पर्सन मात्र स्वतःच्या भूतकाळाची जाणीव ठेवणारी व म्हणून आपल्या कृत्यांना उत्तरदायी असणारी असते, असे त्याचे प्रतिपादन होते. इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) याने वस्तू व पर्सन यांमध्ये नैतिक सीमारेषा आखली. वस्तूला किंमत असते व तिच्याऐवजी दुसरी वस्तू चालते; पर्सनला प्रतिष्ठा असते व तिचा केवळ साधन म्हणून वापर करता येत नाही, असे त्याचे मत होते. आधुनिक मानवी हक्कांच्या विचारावर या भेदाचा ठसा दिसून येतो.

व्याकरण : ग्रीक व्याकरणकारांनी बोलणारा, ऐकणारा व ज्याविषयी बोलले जाते तो, या तिघांसाठी चेहरा किंवा मुखवटा या अर्थाचा शब्द वापरला व लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर ‘पेर्सोना’ असे झाले. इंग्रजीतील फर्स्ट, सेकंड व थर्ड पर्सन ही नावे त्यातून आली. भारतीय परंपरेत या कल्पनेसाठी ‘पुरुष’ ही संज्ञा आहे. तथापि क्रम उलटा आहे. संस्कृत व्याकरणात ‘तो’ हा प्रथम पुरुष, ‘तू’ हा मध्यम पुरुष व ‘मी’ हा उत्तम पुरुष होय. आधुनिक मराठी व्याकरणाने इंग्रजी क्रम स्वीकारून ‘मी’ याला प्रथम पुरुष म्हटले. त्यामुळे संस्कृत व मराठी या दोन्हींचा अभ्यास करणाऱ्यास ‘प्रथम पुरुष’ ही संज्ञा दोन विरुद्ध अर्थांनी भेटते.

सामान्य वापर : पर्सन या शब्दाने लिंग, वय, जात व हुद्दा यांचा निर्देश न करता एक माणूस दर्शविला जातो. ही तटस्थता हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य होय. याच कारणाने १९७० च्या दशकापासून ‘चेअरमन’ऐवजी ‘चेअरपर्सन’, ‘सेल्समन’ऐवजी ‘सेल्सपर्सन’ अशी रूपे प्रचारात आली. ‘इन पर्सन’ म्हणजे जातीने, समक्ष. एखादी वस्तू कोणाच्या ‘पर्सन’वर सापडली, असे पोलिसी भाषेत म्हटले जाते तेव्हा त्याचा अर्थ अंगावर, अंगझडतीत असा असतो, येथे हा शब्द केवळ देहवाचक आहे. कोणी ‘मॉर्निंग पर्सन’ आहे, या बोलीतील प्रयोगात तो स्वभाव वा सवय दाखवितो. उलट, नाव न घेता ‘ही पर्सन’ असा उल्लेख केल्यास त्यात दुरावा किंवा तुच्छताही सूचित होऊ शकते.

या शब्दाची दोन अनेकवचने वापरात आहेत. ‘पर्सन्स’ हे नियमित रूप असून ‘पीपल’ हा मुळात लोकसमूहवाचक वेगळा शब्द आहे. नेमकी संख्या सांगताना ‘पर्सन्स’ व मोघम समूहासाठी ‘पीपल’ वापरावा, असा दंडक पूर्वी काही लेखनमार्गदर्शिका सांगत. आजच्या इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘पीपल’ रूढ झाला असून ‘पर्सन्स’ हे रूप प्रामुख्याने अधिनियम, करारपत्रे व सार्वजनिक सूचना यांत आढळते. कायद्यात ते टिकून राहण्याचे कारण असे की, ‘पीपल’ म्हटल्याने समुदायाचा बोध होतो, तर ‘पर्सन्स’ म्हटल्याने प्रत्येकाचा पृथक् हक्क वा दायित्व सूचित होते.

समानार्थी शब्द : इंग्रजीत या शब्दाच्या जवळपास जाणारे शब्द बरेच असले, तरी त्यांपैकी एकही सर्वत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. ‘इंडिव्हिज्युअल’ याचा मूळ अर्थ अविभाज्य असा आहे. समूहाविरुद्ध एकटा माणूस हा अर्थ अभिप्रेत असेल तेथे तो योग्य होय. ‘ह्यूमन बीइंग’ हा शब्द मनुष्यजातीचा घटक दाखवितो व त्यात कंपनी किंवा देवता कधीच मोडत नाही. ‘मॅन’ या शब्दाने प्राचीन इंग्रजीत स्त्रीपुरुष दोघांचाही बोध होत असे. कालांतराने तो पुरुषवाचक झाला व जुना व्यापक अर्थ संदिग्ध बनला. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना पहिल्या अनुच्छेदातील ‘सर्व मेन’ या अर्थाची शब्दयोजना बदलून ‘सर्व ह्यूमन बीइंग्ज’ अशी करण्यात आली. या बदलाचे श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता (१८९७–१९९५) यांना दिले जाते. ‘सोल’ म्हणजे जीव. जहाजावरील माणसांची गणती करताना तो वापरतात. ‘पार्टी’ म्हणजे करारातील वा दाव्यातील पक्ष, ‘पर्सनेज’ म्हणजे बडी असामी, ‘कॅरॅक्टर’ म्हणजे कथेतील पात्र किंवा विक्षिप्त माणूस. ‘सिटिझन’ म्हणजे नागरिक. हा शब्द राज्याशी असलेले नाते दर्शवितो आणि पर्सनपेक्षा संकुचित आहे. विरुद्धार्थी म्हणता येईल असा ‘अनपर्सन’ हा शब्द जॉर्ज ऑर्वेल (१९०३–५०) याने नाइन्टीन एटी-फोर (१९४९) या कादंबरीत घडविला. राज्यसंस्थेने ज्याच्या अस्तित्वाची नोंदच पुसून टाकली आहे, असा माणूस त्याने सूचित होतो.

विधीतील अर्थ : रोमन विधिज्ञ गायस (दुसरे शतक) याने कायद्याची विभागणी पर्सन, वस्तू व दावे अशी तीन भागांत केली. त्याच्या मांडणीत गुलामाचा विचार पर्सन या भागात येतो; पण तोच गुलाम खरेदीविक्रीच्या वस्तूंतही गणला जातो. ही विसंगती पुढेही टिकून राहिली. अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानात ‘गुलाम’ हा शब्द टाळून त्यांचा उल्लेख ‘इतर पर्सन्स’ असा केला होता आणि प्रतिनिधिगृहातील जागांची वाटणी करताना त्यांची तीनपंचमांश गणना करण्याची तरतूद होती. कॅनडाच्या १८७६ च्या इंडियन अ‍ॅक्टमध्ये ‘पर्सन’ म्हणजे मूलनिवासी इंडियन सोडून इतर मनुष्य, अशी व्याख्याच दिली होती. याउलट १८७९ मध्ये पोंका जमातीचा प्रमुख स्टँडिंग बेअर याच्या अटकेच्या प्रकरणात अमेरिकेतील नेब्रॅस्काच्या संघीय न्यायालयाने, इंडियन हाही कायद्याच्या अर्थाने पर्सन आहे, म्हणून त्यास देहोपस्थिती लेखाची मागणी करता येते, असा निर्णय देऊन त्याची मुक्तता केली.

स्त्रियांचा प्रश्न : ब्रिटनमध्ये १८३२ च्या सुधारणा अधिनियमाने मतदारासाठी ‘मेल पर्सन’ हे शब्द योजून स्त्रियांना स्पष्टपणे वगळले. १८६७ च्या विधेयकात ‘मॅन’ हा शब्द होता. त्याऐवजी ‘पर्सन’ हा शब्द घालावा, अशी दुरुस्ती जॉन स्ट्यूअर्ट मिल याने त्या वर्षी मे महिन्यात कॉमन्स सभेत मांडली. एका शब्दाच्या या बदलाने स्त्रियांना मताधिकार मिळणार होता. दुरुस्तीच्या बाजूने ७३ व विरुद्ध १९६ मते पडून ती फेटाळली गेली.

परंतु जेथे मुळातच ‘पर्सन’ हा शब्द होता, तेथेही स्त्रियांना यश आले नाही. स्कॉटलंडमधील विद्यापीठीय मतदारसंघात पदवीधर स्त्रियांनी मताधिकाराचा दावा केला. तो १९०८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने अमान्य केला. स्त्रियांना सॉलिसिटरच्या परीक्षेस बसू देण्याचा दावाही १९१३ मध्ये फेटाळला गेला. शब्दाचा साधा अर्थ काहीही असला, तरी दीर्घ रूढीने स्त्रिया सार्वजनिक कार्यास अपात्र ठरल्या आहेत आणि संसदेने ती रूढी स्पष्टपणे बदललेली नाही, असा या निर्णयांचा आशय होता. १९१९ च्या अधिनियमाने लिंगभेदावर आधारलेली व्यावसायिक अपात्रता दूर केली.

भारतात १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा वकिलीच्या सनदेसाठीचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने व १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज पाटणा उच्च न्यायालयाने नाकारला. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश होतो, असा अर्थनिर्णयाचा सर्वसाधारण नियम उपलब्ध असूनही तो पुरेसा मानला गेला नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र १९२१ मध्ये कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) यांना वकील म्हणून प्रवेश दिला. नासिक येथे जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या सोराबजी १८९२ मध्येच ऑक्सफर्डची विधी विषयाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या. परंतु ते विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे. अखेर १९२३ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अ‍ॅक्टने भारतातील स्त्रियांवरील हा प्रतिबंध रद्द केला.

या प्रश्नावरील सर्वांत प्रसिद्ध खटला कॅनडातील होय. १८६७ च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका अ‍ॅक्टनुसार सिनेटवर ‘पात्र पर्सन्स’ची नियुक्ती करावयाची होती. आल्बर्टा प्रांतातील न्यायदंडाधिकारी एमिली मर्फी (१८६८–१९३३) व त्यांच्या चार सहकारी स्त्रियांनी या शब्दांत स्त्रियांचा समावेश होतो काय, असा प्रश्न उपस्थित केला. १९२८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६७ मधील समजुती ध्यानात घेऊन नकारार्थी उत्तर दिले. १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हा निर्णय फिरविला. संविधान वाढत्या वृक्षासारखे असते आणि पर्सन या शब्दात स्त्री येते हे सिद्ध करण्याचा भार स्त्रीवर नसून तिला वगळू पाहणाऱ्यावर आहे, अशी भूमिका लॉर्ड सँकी यांनी घेतली. १९३० मध्ये केरीन विल्सन या कॅनडाच्या पहिल्या स्त्री सिनेटर झाल्या.

कृत्रिम व्यक्ती : मालमत्ता धारण करणे, करार करणे, दावा लावणे व दाव्यास उत्तर देणे यांची पात्रता कायद्याने जिला दिली आहे, ती विधीच्या दृष्टीने पर्सन होय. कंपनी ही तिच्या भागधारकांहून भिन्न पर्सन आहे, हे तत्त्व इंग्लंडमध्ये सॉलोमन खटल्यात (१८९७) दृढ झाले. त्यामुळे कंपनीचे कर्ज भागधारकाच्या खाजगी मालमत्तेतून वसूल करता येत नाही. अमेरिकेत गुलामगिरीच्या उच्छेदानंतर, १८६८ मध्ये संमत झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कोणत्याही पर्सनला कायद्याचे समान संरक्षण दिले. १० मे १८८६ या एकाच दिवशी तेथील सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लागले. एकात सॅन फ्रॅन्सिस्को येथील चिनी परीट नागरिक नसले तरी पर्सन आहेत, असे ठरले. दुसऱ्या, रेल्वे कंपनीच्या प्रकरणात कंपन्यांनाही ही दुरुस्ती लागू असल्याची नोंद निकालाच्या सारांशात झाली व पुढे ती प्रमाण मानली गेली.

भारतात १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टनुसार पर्सन या शब्दात कंपनी, संघ व व्यक्तिसमूह यांचा समावेश होतो. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाने हिंदू अविभक्त कुटुंबासही त्यात स्थान दिले होते. हिंदू देवतेची प्रतिष्ठापित मूर्ती ही विधिमान्य व्यक्ती आहे, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये मलिक घराण्याच्या खटल्यात मान्य करून देवतेची बाजू मांडण्यासाठी तटस्थ प्रतिनिधी नेमण्यास सांगितले. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरू ग्रंथसाहिबासही असाच दर्जा दिला. न्यूझीलंडने मार्च २०१७ मध्ये वांगानुई नदीस अधिनियमाद्वारे पर्सन ठरविले. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांविषयी तसाच आदेश दिला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये त्यास स्थगिती दिली. पुराने झालेल्या हानीबद्दल नदीवर दावा लावता येईल काय, अशा शंका त्या प्रसंगी पुढे आल्या. पर्सन ठरण्यात हक्कांबरोबर दायित्वही येते, हे त्यावरून स्पष्ट होते.

भारतीय संविधान : संविधानकारांनी ‘पर्सन’ व ‘सिटिझन’ हे शब्द विचारपूर्वक वेगवेगळ्या ठिकाणी योजिले आहेत. अनुच्छेद १९ मधील भाषण, संचार, व्यवसाय इ. स्वातंत्र्ये नागरिकांना आहेत. अनुच्छेद १४ मधील समानता व अनुच्छेद २१ मधील जीविताचे व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे संरक्षण मात्र प्रत्येक पर्सनला आहे. यामुळे १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही पर्सन असली तरी नागरिक नाही, म्हणून तिला अनुच्छेद १९ चा आधार घेता येत नाही, असे ठरविले. उलट १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांना हुसकावून लावण्याच्या धमक्या दिल्या जात असताना त्याच न्यायालयाने, त्यांच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असा आदेश दिला. अनुच्छेद २१ मध्ये ‘सिटिझन’ हा शब्द असता, तर नागरिकत्व सिद्ध होईपर्यंत त्यांना हा आश्रय मिळाला नसता.

मराठी प्रतिशब्द : पर्सन या शब्दासाठी मराठीत प्रसंगानुसार निरनिराळे शब्द योजावे लागतात. बोलण्यात ‘माणूस’, गणनेत ‘जण’, व्याकरणात ‘पुरुष’ व नाटकात ‘पात्र’ हे शब्द येतात. पोलिसी व कचेरीच्या भाषेतील ‘इसम’ आणि ‘असामी’ हे दोन्ही शब्द ‘नाव’ या अर्थाच्या अरबी शब्दापासून आले आहेत. दप्तरात नावाने नोंदला गेलेला तो इसम, असा त्यांचा मूळ भाव दिसतो. तथापि ‘इसम’ हा शब्द रूढीने पुरुषालाच लावला जातो. म्हणून अधिनियमाच्या भाषांतरात तो वापरल्यास स्त्रियांविषयीचा जुना वाद नकळत पुन्हा उपस्थित होण्याचा संभव असतो. ‘मनुष्य’ म्हटल्यास कंपनी व देवता वगळल्या जातात आणि ‘नागरिक’ म्हटल्यास परकीय व निर्वासित. या कारणांनी विधिपरिभाषेत ‘व्यक्ती’ हा शब्द स्थिर झाला आहे.

संस्कृतमध्ये ‘व्यक्ति’ म्हणजे प्रकट होणे, स्पष्ट रूपाने दिसणे. रोमन शब्द झाकणाऱ्या मुखवट्यापासून निघाला, तर हा शब्द प्रकटीकरणापासून. तरीही ज्याची पृथक् ओळख इतरांना पटते तो, या अर्थापाशी दोन्ही येऊन मिळतात. हिंदीत हा शब्द पुल्लिंगी आहे. मराठीत तो स्त्रीलिंगी असल्याने स्त्री, पुरुष, कंपनी वा देवस्थान यांपैकी कोणाचाही निर्देश असला, तरी ‘ती व्यक्ती’ व ‘तिचे हक्क’ अशीच वाक्यरचना होते.